माझ्या शालकाचा आजार

मला कर्करोग झाला तेव्हा मी बारीक होत चाललो होतो, आणि त्याचं सगळं श्रेय मी स्वतःकडे घेत होतो.

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीतून फिरायला जायचो. फिरायला म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. तरीही दोन महिन्यांत पँटी सैल झाल्या. अर्ध्या भाकरीतच पोट भरायचं. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड लागायचं, त्याला मी 'स्नायू तयार होताहेत' असं ठरवून टाकलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपला. तरी स्टाफरूममध्ये मी सहकाऱ्यांना वजन कमी करण्याबद्दल मार्गदर्शन करत होतो, आणि दोघा जणांनी ते मनावरही घेतलं होतं.

मग एक दिवस नववीच्या वर्गात तापीचं खोरं समजावून सांगताना मला खुर्चीत बसावं लागलं. उगमापासून निघालो होतो, भुसावळपर्यंतही पोचलो नाही. बायकोने रक्त तपासायला पाठवलं. लॅबमधून फोन आला, "सर, पुन्हा एकदा नमुना द्याल का? मशीनमध्ये काहीतरी गडबड दिसते."

मशीन उत्तम होतं.

पुढे कमरेच्या हाडातून नमुना काढून झाला, मोठ्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, "रक्ताचा कर्करोग आहे, पण क्रॉनिक प्रकारातला. हळू चालणारा."

मी विचारलं, "हळू म्हणजे किती? पॅसेंजर गाडीसारखा?"

डॉक्टर हसले नाहीत. बायकोही हसली नाही. ते म्हणाले, "रोज एक गोळी. जन्मभर घ्यायची असं धरून चाला. न चुकता घेतलीत तर बहुतेक लोक नोकरी करतात, मुलांची लग्नं करतात, म्हातारे होतात."

एवढ्या सगळ्यातलं मी फक्त 'जन्मभर' ऐकलं, आणि तो फार मोठा नसणार असं गृहीत धरलं.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. आमच्या भागात कुठलीही सभा असो, सूत्रसंचालनाला मला बोलावतात. विशेषतः शोकसभेला. 'कधीही भरून न निघणारी पोकळी' हे शब्द मी अशा काही स्वरात म्हणतो, की मयताशी भांडण असलेलेही डोळे पुसतात. त्यामुळे निदानानंतर आठवड्याभरात मला पहिली खरी काळजी पडली ती ही, की माझ्या शोकसभेत बोलणार कोण? कॉलनीत त्या तोडीचं कुणीच नव्हतं. म्हणून मी स्वतःच भाषण लिहायला घेतलं. तिसऱ्या पानावर माझ्या विनम्रतेचा उल्लेख होता. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि तिने ते वाचलं. कागद घडी करून घेऊन गेली. नंतर तेच कागद मला लोणच्याच्या बरणीखाली सापडले.

आजार कुणाला कळू द्यायचा नाही, हे मात्र मी पक्कं केलं. बायकोला शपथ घातली. मुलगी पुण्यात शिकत होती, तिलाही परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही. शाळेत 'पित्ताचा त्रास' असं सांगितलं. जळगावात ज्या दवाखान्यात जावं तिथे कुणीतरी माजी विद्यार्थी असतोच. म्हणून मी धुळ्यातला एक तज्ज्ञ शोधला. दर महिन्याला एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं, आणि बायकोने सोबत यायचं नाही, कारण दोघं गेलो तर लोक विचारतील. ती म्हणाली, "मी घरी बसून काय करू?" मी म्हणालो, "तू नॉर्मल राहा." हा सल्ला दिल्याबद्दल त्या वेळी मला फार अभिमान वाटला होता.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. पहिल्या दिवशी मी टोकाला बसलो. शेजारी नऊवारीतल्या, सत्तरीकडे झुकलेल्या एक अक्का बसल्या होत्या. धुळ्याजवळच्याच एका खेड्यातल्या. त्यांच्या पलीकडे चाळीसगावचे एक कापडाचे व्यापारी, मारवाडी, इस्त्रीचा पांढरा शर्ट. तिथे सगळे त्यांना शेठच म्हणत. दोघांचीही दर महिन्याची ओळख दिसत होती.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत सरळ विचारलं, "काय भाऊ, तुले बी हाईच शे का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही नाही. मी माझ्या शालकांसाठी आलोय."

"साला कोठे शे मग?"

"ते भुसावळला असतात. रेल्वेत. त्यांना रजा मिळत नाही. मी त्यांचे रिपोर्ट दाखवायला येतो."

माझे खरे शालक अमळनेरला किराणा दुकान चालवतात आणि पन्नाशीतही रोज शंभर बैठका मारतात. पण आता माणूस तयार झाला होता, त्याला सांभाळणं भाग होतं.

खरं सांगायचं तर त्या शालकाचा मला फार उपयोग झाला. डॉक्टरांना जे विचारायला लाज वाटायची ते मी बाकावर त्याच्या नावाने विचारू लागलो. शालकांना गोळी घेतल्यावर मळमळतं. शालकांच्या पोटऱ्यांत पहाटे गोळे येतात. शालकांना चिडचिड होते, ते बायकोवर ओरडतात. अक्का नऊ वर्षं गोळी घेत होत्या, शेठ सहा. दोघंही मनापासून उत्तरं द्यायचे. गोळी उपाशीपोटी नाही, भरल्या पोटी, आणि वर मोठा तांब्याभर पाणी. गोळे आले तर पाय ताणून उभं राहायचं. बायकोवर ओरडण्याशी गोळीचा काही संबंध नाही, असं शेठ म्हणाले. "साहेब, ते तुमच्या मेहुण्यांचा स्वभाव असेल. डॉक्टरला विचारू नका, उगाच शोभा होईल."

मी हे सगळं खिशातल्या वहीत टिपून घ्यायचो.

एकदा अक्कांनी फडक्यात बांधून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी आणि लसणाची चटणी आणली. "सालाले दी दे. म्हना, आर्धी भाकर खाई ले, मंग गोयी." मी मान डोलावली, आणि पारोळा यायच्या आत बसमध्ये दोन्ही भाकरी खाऊन टाकल्या. पुढच्या महिन्यात सांगितलं, "शालकांना फार आवडली." अक्का म्हणाल्या, "हाव, दिखी राहिनं." म्हणजे दिसतंय. मला ती माझ्या अभिनयाला मिळालेली दाद वाटली.

त्या गोळीने डोळ्यांभोवती सूज येते. सकाळी आरशात पाहिलं की रात्रभर रडलेला माणूस दिसायचा. शोकसभेला ते चाललं असतं, पण लग्नाच्या स्वागत समारंभाला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला चालणारं नव्हतं. म्हणून कार्यक्रम असला की आधीचे दोन-तीन दिवस मी गोळी घेत नसे. फोटो चांगले यायचे. लग्नसराई होती, कार्यक्रम बरेच होते. डॉक्टरांनी विचारलं की मी सांगायचो, "एकही चुकवली नाही." शालकांच्या बाबतीत खोटं बोलून बोलून जीभ सरावली होती.

सहा महिन्यांनी मोठी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला. "आजाराचा आकडा जितका खाली यायला हवा होता तितका आलेला नाही. असंच राहिलं तर औषध बदलावं लागेल, आणि दर वेळी दुसरं औषध लागू पडेलच असं नाही. गोळ्या नीट घेताय ना?"

"घेतोय," मी म्हणालो. तेव्हाही.

बाहेर येऊन बाकावर बसलो. शेठ चहा घेत होते. अक्कांनी विचारलं, "काय सांगं डॉक्टरनी?"

मी वही काढली. म्हणालो, "शालकांचा रिपोर्ट..." आणि पुढचा शब्दच येईना. हजार माणसांसमोर न अडखळणारा मी. पुन्हा म्हणालो, "शालकांचा..." आणि त्या भर दवाखान्यात, उन्हाळ्यात मुद्दाम घातलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडायला लागलो.

अक्कांनी पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात जड आणि खरबरीत होता. म्हणाल्या, "रडू दे सालाले. कोनी पाहत नही."

मग मी नाक पुसल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, रगत सालानं, आनि टोचेल हात तुना?"

माझी बाही वर गेली होती. कोपरावरचा कापूस दिसत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पह्यलाच दिन," अक्का म्हणाल्या.

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर, तुमचे डोळे आमच्यासारखे सुजलेले. भुसावळच्या मेहुण्याने गोळी खायची आणि जळगावच्या दाजींचे डोळे सुजायचे, असं कधी होतं का?" मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. म्हणाले, "मी तर दोन वर्षं बाजारात सांगत होतो की धुळ्याला खरेदीला जातो. शेजारच्या दुकानदाराला वाटलं, मला कुणीतरी नवा होलसेलवाला सापडलाय. एकदा तो माझ्या मागे मागे धुळ्यापर्यंत आला. या बाकापर्यंत. मग इथे बसून तोच रडला."

मी हसलो. निदानानंतर मला आठवतं तसं ते पहिलं हसू, ज्यात मी कुणाला काही पटवून देत नव्हतो.

मग अक्कांनी नेमकं विचारलं, "गोयी चुकाडी का?" आणि मी सगळं सांगितलं. लग्नं, माईक, फोटो. शेठनी कपाळावर हात मारला. अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की दुसऱ्या वर्षी त्यांनीही गोळी सोडली होती, बरं वाटतंय म्हणून. नंतर नवं औषध लागू पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. "मी अडानी व्हतू," त्या म्हणाल्या. "तू तं मास्तर शे." एवढ्या कमी शब्दांत माझं मूल्यमापन आजवर कुणी केलं नव्हतं.

त्यांनी मला पुन्हा आत पाठवलं. डॉक्टरांना खरं सांगायला. डॉक्टर रागावले, आणि मग थोडे सैलावलेसे वाटले. औषध तेच ठेवलं. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणाले.

त्या दिवसापासून एक व्यवस्था सुरू झाली. रात्री साडेआठला जेवण झालं, गोळी घेतली की अक्का मला मिस्ड कॉल देत. मी गोळी घेऊन शेठना. शेठ घेऊन अक्कांना. रिंग एकदाच वाजवायची, उचलायचं नाही. अक्कांना लिहितावाचता येत नव्हतं, ही त्यांचीच युक्ती. मला अर्थातच ती फारच साधी वाटली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, त्याला 'संजीवन परस्पर सहाय्य मंडळ' असं नाव दिलं, नियमावली टाकली. कलम सात होतं 'सदस्यांनी विषयांतर टाळावे'. शेठनी त्यावर सुटिंगच्या नव्या कापडाचे फोटो टाकले. अक्कांच्या नातवाने नियमावलीला अंगठा दाखवला. आठवड्याभरात मंडळ बंद पडलं. मिस्ड कॉल चालू राहिले.

तीन महिन्यांनी आकडा खाली आला. पुढच्या तीन महिन्यांनी आणखी. मी लगेच अनुभवी झालो. म्हणून की काय, एक दिवस अक्कांचा खराखुरा फोन आला, उचलायचा. जळगावजवळच्या असोद्याचा एक केळीवाला शेतकरी, पस्तिशीचा, आमच्याच डॉक्टरांकडे येणारा, त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. बाकावर यायचाही बंद झाला होता. "तुना गावजोडे शे," अक्का म्हणाल्या. "तू जाय."

मी रविवारी मोटरसायकलवर असोद्याला गेलो. तयारीनिशी. फाईल, रंगीत आलेख, मुद्दे. तो केळीच्या बागेत घड उतरवून घेत होता. मी बांधावर उभा राहून सुरुवात केली, "मित्रा, जीवन हे..." त्याने कोयता बाजूला ठेवला, पूर्ण ऐकून घेतलं. शाळेत एवढ्या शांतपणे मला कुणी ऐकत नाही. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "सर, तुमच्या शाळेत माहीत आहे, तुम्हाला हे आहे म्हणून?"

"नाही."

"घरच्यांना?"

"बायकोला. मुलीला आता सांगितलंय."

"गल्लीत?"

मी फाईल बंद केली.

तो म्हणाला, "मले बी तेच. गोळीचा डबा लपवत फिरायचा. बाप विचारतो, रोज कशाची गोळी खातो? मंग एक दिवस वाटलं, बरं तर वाटून राहिलं, जाऊ दे. डबाच नको." तो खाली बसला. "मरायचं भ्या नाही वाटत सर. सांगायचं वाटतं."

मग मी त्याला शालकाची गोष्ट सांगितली. बसमधल्या भाकरी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सगळं. तो आधी ओठ दाबून हसला, मग केळीच्या खोडाला टेकून मोठ्याने हसला. गडीमाणसं वळून पाहू लागली. हसता हसता त्याने विचारलं, "आणि त्या अक्का काय म्हणल्या?" मी म्हणालो, "रडू दे सालाले." यावर तो हसला नाही. पायाजवळचं वाळलेलं पान उचलून त्याच्या पट्ट्या काढत बसला.

मी त्याला बापाला सांगच असं म्हणालो नाही. मला तो अधिकार नव्हता. एवढंच म्हणालो की पुढच्या वेळी धुळ्याला सोबत जाऊ. तो आला. वाटेत मला खिडकीची जागा दिली. बापाला त्याने सांगितलं ते चार महिन्यांनी, आणि बाप म्हणे एवढंच बोलला की मग औषध फवारायचं काम तू करू नकोस, मी करतो.

त्याच्या प्रश्नाने मला मात्र चैन पडेना. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, "मित्रहो, आज मी आपणासमोर एक अत्यंत..." आणि सांगून टाकलं. शांतता पसरेल, कुणीतरी रुमाल काढेल, अशी माझी अपेक्षा होती. व्यायामाचे सर डबा बंद करत म्हणाले, "तेच का, रोज एक गोळी? माझ्या मावशीला आहे. बारा वर्षं झाली. सगळ्या भाऊबंदांशी भांडून झालंय तिचं." मग सगळे मावशीबद्दलच बोलू लागले. माझा विषय तिथेच संपला. फक्त ज्या दोघांनी माझा वजनाचा सल्ला घेतला होता, त्यांनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं. दोघंही ठणठणीत निघाले.

मी आता चांगला बरा आहे, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे आजार आहे, पण आकड्यांत सापडत नाही इतका. गोळी चालू आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वात उशिरा कळली, आणि ती सांगताना थट्टा करायला जमत नाही. गेल्या मार्गशीर्षात अक्का जळगावला एका लग्नाला आल्या होत्या, तशा आमच्या घरी आल्या. बायकोने भरीत आणि पुऱ्या केल्या होत्या. मी समोर बसून बाकाचे किस्से रंगवून सांगत होतो. अक्का ऐकत होत्या, पण बघत होत्या स्वयंपाकघराकडे. पुरी वाढायला बायको आली तेव्हा अक्कांनी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "याले तं आम्ही शेतस. तुले कोन शे व माय?"

बायको म्हणाली, "मला काय होतंय?" आणि झाऱ्यासकट तिथेच खाली बसली. मग तिला जे रडू आलं ते मी लग्नाच्या सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बाक मिळाला होता. शेठ, अक्का, असोद्याचा तो. तिला मी शपथ घालून ठेवली होती, आणि शाळेत सांगून टाकल्यावरही ती सोडवली नव्हती. माझी मुलगीही तिला 'बाबा कसे आहेत' एवढंच विचारायची. जवळजवळ दोन वर्षं ती नॉर्मल राहत होती, कारण मी तिला तसं सांगितलं होतं.

अक्कांनी तिला जवळ घेतलं. अहिराणीत हळू हळू काहीतरी बोलत राहिल्या. मला नीट ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मी उठून गॅस बंद केला. कढईतली पुरी काळी झाली होती.

अक्का गेल्यावर बायकोने पारोळ्याच्या तिच्या बहिणीला फोन लावला. गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. तासभर बोलत होती. मधे एकदा मला तिचं हसणं ऐकू आलं, आणि 'नाही गं, अगदी भाषण लिहून ठेवलेलं, तीन पानी' हे शब्द. मी भांडी घासत होतो. पुऱ्यांच्या तुपकट परातीला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.